नदीच्या खालच्या अंगाला

आपल्या मंडळाच्या वाचनसभेत गेल्या पावसाळ्यात एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद वाचला गेला. एका गिरणीतील कामगारांच्या पुढाऱ्यांनी मालकांशी परस्पर तडजोड करून आपल्याच माणसांना कसे फसविले, असा त्या लेखाचा विषय होता. अनुवाद करणारे सभासद आयुष्यभर गणित शिकविलेले गृहस्थ. त्यांची भाषा नेटकी आणि काटेकोर. पण मध्येच एक वाक्य आले : ‘पुढाऱ्यांनी आम्हांला नदीच्या खाली विकले.’ सभेत हशा पिकला. नदीच्या खाली गाळ असतो, तेथे गिऱ्हाईक कोण भेटणार, असे कोणीतरी म्हणाले. अनुवादकांनी प्रांजळपणे सांगितले की, कोशात ‘विश्वासघात करणे’ एवढाच अर्थ दिलेला होता. पण विश्वासघाताशी नदीचा संबंध काय, हे न उमगल्याने त्यांनी शब्दाला शब्द ठेवून दिला. अखेर ‘पुढाऱ्यांनी आम्हांला दगा दिला’ असा पाठ सर्वानुमते ठरला, चहा आला, आणि सभा पुढील लेखाकडे वळली.

आम्हीही त्या हशात सामील होतो. मात्र घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. ‘दगा दिला’ हा अनुवाद चुकीचा नव्हता, पण त्यात काहीतरी निसटले होते, असे सारखे वाटत राहिले. नंतरच्या काही महिन्यांत या वाक्प्रचाराच्या मुळाशी जाण्याचा आम्ही यथाशक्ति प्रयत्न केला. त्यातून हाती आले ते केवळ भाषेपुरते राहिले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याला नदी म्हटले की पुण्य आठवते. नर्मदेची परिक्रमा करणारी, क्षिप्रेच्या घाटावर पर्वणी साधणारी आपली माणसे. कार्य तडीस गेले की आपण ‘गंगेत घोडे न्हाले’ म्हणतो. नदीचे नाव काढताच ज्यांच्या अंगावर काटा यावा, अशी माणसे असू शकतील हे आपल्या कल्पनेत चटकन येत नाही. इंग्रजीतील ‘सेल डाउन द रिव्हर’ हा प्रयोग अशाच माणसांच्या अनुभवातून जन्माला आला. त्याचा सरळ अर्थ ‘नदीच्या खालच्या अंगाला विकणे’, म्हणजे प्रवाह जिकडे जातो त्या दिशेला विकून टाकणे. ती नदी कोणतीही नदी नव्हे. ती अमेरिकेतील मिसिसिपी आणि तिला येऊन मिळणारी ओहायो. आणि विकली जाणारी वस्तू म्हणजे माणूस.

ही हकीकत थोडक्यात अशी आहे. अमेरिकेत परदेशांतून गुलाम आणण्यावर १ जानेवारी १८०८ पासून कायद्याने बंदी आली. पण देशातल्या देशात गुलामांची खरेदी-विक्री करण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. त्याच सुमारास दोन गोष्टी घडत होत्या. व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या जुन्या प्रांतांत तंबाखूच्या पिकाने जमिनी थकल्या होत्या आणि तेथील जमीनदारांना आपल्याकडील गुलामांची संख्या गरजेपेक्षा अधिक वाटू लागली होती. उलट १७९३ साली एली व्हिटनी याने सरकीपासून कापूस वेगळा करणारे यंत्र तयार केल्यापासून दक्षिणेकडील मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या भागांत कापसाची लागवड झपाट्याने वाढत होती. लुइझियानात उसाचे मळेही होते, आणि उसाच्या मळ्यातील काम तर माणसाला झिजवून मारणारे म्हणून कुप्रसिद्ध होते. वरच्या प्रांतांत माणूस ‘जास्त’ आणि खालच्या प्रांतांत त्याला भाव चढा, अशी स्थिती झाल्यावर व्यापारी मध्ये उभे राहिले. इ. स. १७९० ते १८६० या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख गुलाम अशा रीतीने जुन्या प्रांतांतून खोल दक्षिणेकडे नेले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काहींना साखळदंडात बांधून पायी चालवीत नेले, काहींना समुद्रमार्गाने. केंटकी व मिझूरी या प्रांतांतील गुलामांना मात्र बोटींत घालून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरवीत. नॅचेझ आणि न्यू ऑर्लिन्स येथे त्यांचे मोठे बाजार भरत.

केंटकी प्रांताच्या उत्तर सीमेवरून ओहायो नदी वाहते. तिच्या पलीकडचा काठ गुलामगिरी नसलेल्या प्रदेशाचा. म्हणजे लुईव्हिलच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या गुलामाला नदी ओलांडली तर स्वातंत्र्य दिसत होते, आणि नदीबरोबर खाली गेले तर कापसाचा मळा. गुलामांचा विवाह कायद्याच्या दृष्टीने विवाह नव्हता, त्यामुळे नवरा-बायकोला किंवा आई-मुलाला वेगळे विकण्यास कायद्याची फारशी हरकत नसे. खाली गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. त्याला लिहिता येत नसे, आणि मागे राहिलेल्यांना वाचता येत नसे. ‘खाली विकून टाकीन’ एवढी धमकी वरच्या प्रांतांतील गुलामाला जरबेत ठेवण्यास पुरेशी होती. या व्यवस्थेचा शेवट १८६५ साली झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केला. तेव्हा त्या दूरच्या नदीकाठचा हा विषय मराठी मनाला सर्वस्वी परका आहे, असे म्हणता येणार नाही.

आता प्रश्न असा की, हा वाक्प्रचार ‘दगा देणे’ याहून वेगळे काय सांगतो?

आपल्या भाषेत विश्वासघाताला शब्दांची वाण नाही. पाठीत खंजीर खुपसणे, केसाने गळा कापणे, तोंडघशी पाडणे, वाऱ्यावर सोडणे, फितूर होणे. प्रत्येकाची छटा निराळी. खंजिरात वैर आहे. केसाने गळा कापण्यात गोड बोलण्याचे कपट आहे. फितुरीत शत्रूला जाऊन मिळणे आहे. म्हणून तर १६८९ सालच्या रायगडच्या पाडावाशी परंपरेने जोडलेले सूर्याजी पिसाळाचे नाव आजही आपण शिवीसारखे वापरतो. अलीकडे इंग्रजी वर्तमानपत्रांतून ‘बसखाली लोटणे’ असा आणखी एक अमेरिकी प्रयोग वाचनात येतो. त्यात आपला जीव वाचविण्यासाठी शेजारच्याला ऐनवेळी पुढे ढकलण्याची घाई आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. विश्वासघात करणारा त्या क्षणी तरी वाईट माणूस म्हणून आपल्यासमोर उभा राहतो.

नदीच्या खालच्या अंगाला विकणारा माणूस तसा नसतो, आणि येथेच हा वाक्प्रचार वेगळा पडतो. हॅरिएट बीचर स्टो या लेखिकेची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी केंटकीतील शेल्बी नावाचा जमीनदार भेटतो. हा गृहस्थ दुष्ट नाही. तो आपल्या गुलामांना मारझोड करीत नाही. टॉम नावाच्या आपल्या प्रामाणिक सेवकावर त्याचा पूर्ण विश्वास आहे. परंतु शेल्बीवर कर्ज झाले आहे आणि त्याचे कागद एका व्यापाऱ्याच्या हाती आहेत. मग टॉमला आणि आपल्या पत्नीच्या दासीच्या लहान मुलाला विकून तो कर्जातून मोकळा होतो. त्याला वाईट वाटते. पत्नीसमोर तो ओशाळतो. टॉमला नेण्याच्या दिवशी घरी थांबणे नको म्हणून तो बाहेरगावी निघून जातो. लेखिकेने राक्षसासारखा मालक कथेत पुढे आणला आहे, पण आरंभ मात्र या भल्या माणसापासून केला आहे. टॉमला त्या राक्षसाच्या दारापर्यंत पोहोचविणारी पहिली सही भल्या माणसाचीच होती.

कथेतील उदाहरण पुरेसे नसेल, तर इतिहासातील घ्यावे. वॉशिंग्टन शहरातील जॉर्जटाउन हे जेझुइट धर्मगुरूंनी चालविलेले विद्यापीठ. मेरीलँडमधील या धर्मगुरूंच्या मालकीचे शेतमळे होते व त्यांवर गुलाम होते. महाविद्यालय कर्जात बुडाल्यावर १८३८ साली तेथील प्रांतप्रमुख थॉमस मलेडी यांनी २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. किंमत ठरली १ लाख १५ हजार डॉलर. रोमहून या विक्रीला अनुमती मिळाली, ती काही अटींवर. कुटुंबांची ताटातूट होऊ नये, त्यांच्या धर्माचरणाची सोय व्हावी, आणि मिळालेला पैसा कर्ज फेडण्याकडे वळवू नये, अशा त्या अटी होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. कुटुंबे फुटली, आणि पैशाचा काही भाग कर्जाकडेच गेला. ही माणसे नदीने नव्हे तर समुद्रमार्गाने गेली. परंतु ज्या अर्थाने हा वाक्प्रचार पुढे वापरला जाऊ लागला, त्या अर्थाचे याहून नेमके उदाहरण आम्हांला आढळले नाही. येथे कोणीही खोटे बोलले नाही. कागद होते, सह्या होत्या, वरिष्ठांची परवानगी होती, उद्दिष्ट विद्यादानाचे होते. आणि ज्यांना विकायचे त्यांच्याच आत्म्याच्या कल्याणाची जबाबदारी विकणाऱ्यांनी पत्करलेली होती.

या दोन्ही उदाहरणांवरून या प्रयोगाची लक्षणे अशी मांडता येतील. पहिले, विकला जाणारा विकणाऱ्याच्या आश्रयाला असला पाहिजे. ज्याने आपल्यावर भार टाकलेला नाही, त्याला आपण हरवू शकतो, फसवू शकतो, पण या अर्थाने विकू शकत नाही. दुसरे, विकणाऱ्याच्या गळ्याचा फास त्या व्यवहाराने सैल झाला पाहिजे. तिसरे, व्यवहार रीतसर असला पाहिजे. चोरी नव्हे, नियमात बसणारी गोष्ट. आणि चौथे, परिणाम विकणाऱ्याच्या डोळ्यांआड, दूर कोठेतरी घडला पाहिजे. नदीचे काम हेच. ती माणसाला वळणापलीकडे नेते, आणि वरच्या काठावरच्या माणसाला जेवण गोड लागते.

म्हणून हा प्रयोग वापरतानाही तारतम्य हवे. एखाद्या खेळाडूला संघातून वगळले, एखाद्या पुढाऱ्याने पक्ष बदलला, की इंग्रजी वर्तमानपत्रे हा प्रयोग सर्रास करतात. विसाव्या शतकात तो लाक्षणिक अर्थाने इतका रुळला की बोलणाऱ्याला नदी आठवत नाही आणि बोटही आठवत नाही. आपणही राज्यपुनर्रचनेच्या काळापासून, म्हणजे १९५६ पासून, ‘आम्हांला विकले’, ‘आम्हांला वाऱ्यावर सोडले’ असे म्हणत आलो आहोत. सीमाभागातील आपल्या बांधवांच्या तोंडी तर ते वाक्य पिढ्यान् पिढ्या आहे, आणि त्यामागील व्यथा खोटी नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मराठीत अनुवाद करताना सरसकट ‘दगा’ म्हणू नये. जेथे वैर असेल तेथे खंजीर, जेथे कपट असेल तेथे केसाने गळा कापणे. पण जेथे भरवसा टाकलेल्या माणसाला रीतसर, सभ्यपणे आणि आपल्या सोयीसाठी दूर लोटले जाते, तेथे ‘सोयीपायी विकले’ असेच काहीसे म्हणावे लागेल. ‘वाऱ्यावर सोडणे’ त्याच्या जवळ येते, पण त्यात मोबदल्याचा उल्लेख नाही. आणि मोबदला गाळला की अर्थाचा कणाच मोडतो.

यावर एक आक्षेप निघू शकतो व तो हलका नाही. माणूस अगतिक होतो, तेव्हा त्याने काय करावे? शेल्बीने टॉमला विकले नसते तर सारी मिळकत गेली असती आणि सगळेच गुलाम बाजारात उभे राहिले असते, असे तो स्वतःच सांगतो. आपल्या परंपरेतही राजा हरिश्चंद्राने ऋषीचे देणे फेडण्यासाठी काशीच्या बाजारात तारामतीला विकले, आणि आपण त्याला दोष देत नाही, उलट सत्यनिष्ठ म्हणून पूजतो. मग शेल्बीचा अपराध तो कोणता?

आम्ही या आक्षेपाचा पुष्कळ विचार केला. हरिश्चंद्राच्या कथेत तारामतीची व्यथा आपण पुरेशी ऐकली आहे काय, हा प्रश्न उरतोच. तरीही एक भेद स्पष्ट आहे. हरिश्चंद्र पत्नीला विकून घरी परतला नाही. उरलेले देणे फेडण्यासाठी त्याने स्वतःलाही विकले आणि स्मशानात राबला. ज्या नदीत त्याने दुसऱ्याला लोटले, तिच्यात तोही उतरला. अगतिकतेची खरी कसोटी आम्हांला येथे दिसते. आपल्या वाट्याचा तोटा पूर्ण सोसून झाल्यावरही काही देणे उरले असेल, तर ती अगतिकता. आपला तोटा दुसऱ्याच्या अंगावर टाकून मग हळहळणे याला अगतिकता म्हणता येत नाही. शेल्बीने घर विकले नव्हते.

याच्या नेमके उलट उदाहरण मार्क ट्वेन यांच्या हकलबेरी फिन या पोराचे आहे. त्या कादंबरीतील जिम हा गुलाम पळून जातो, तो मालकीणबाई आपल्याला आठशे डॉलरला खाली न्यू ऑर्लिन्सला विकणार असल्याचे कानावर पडल्यामुळे. बाई धार्मिक वृत्तीच्या. पण एवढी रक्कम समोर दिसल्यावर त्यांचेही मन डळमळते. हक हा जिमबरोबर तराफ्यावरून जात असतो. पळालेल्या गुलामाची खबर मालकाला देणे हेच पुण्य व न देणे हे पाप, असे त्याला लहानपणापासून शिकविलेले आहे, आणि ते त्याला खरेही वाटते. तो मालकीणबाईंना पत्र लिहितो. मग जिमने आपल्यासाठी काय काय केले ते त्याला आठवते, आणि नरकात जावे लागले तरी चालेल अशा निश्चयाने तो ते पत्र फाडून टाकतो. विश्वास न मोडण्याचे हे कृत्य त्या मुलाच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे बेकायदा आणि पापमय आहे. येथे आमच्यासारख्या नियमांत आयुष्य घालविलेल्या माणसाला थबकावे लागते. नियम पाळला एवढ्याने माणूस निर्दोष ठरत नाही, ही गोष्ट आम्हांला फार उशिरा समजली.

हा वाक्प्रचार अभ्यासताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. व्याकरणाच्या दृष्टीने तो कोणत्याही पुरुषी चालावा. पण प्रत्यक्षात आम्हांला तो ‘त्यांनी आम्हांला विकले’, ‘तुम्ही त्याला विकलेत’ असाच भेटला. ‘आम्ही त्याला विकले’ असे वाक्य लिहिणारा कोणी आमच्या वाचनात आला नाही. विकले गेलेले इतके, तर विकणारे गेले कोठे? ते आपल्यातच असणार. त्यांना आपण विकल्याचे आठवत नाही, कारण त्यांच्या लेखी ते एक साधे कागदी काम होते. असेच एक काम येथे नमूद केल्यावाचून हा लेख पुरा करणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही राज्य शासनाच्या एका जिल्हा कार्यालयात अधिकारी होतो. त्या वर्षी पावसाने हाहाकार केला, अनेक वस्त्या उघड्यावर आल्या. ताडपत्र्यांची तातडीने गरज होती. नियमाप्रमाणे तीन व्यापाऱ्यांची दरपत्रके मागविणे आवश्यक होते. भांडार सांभाळणारे बाबू तसे म्हणालेही. आम्ही त्यांना तोंडी सांगितले की, दरपत्रके नंतर पाहू, आधी माल उचला. त्यांनी माल उचलला, रात्रीतून ताडपत्र्या वस्त्यांवर पोहोचल्या. तो निर्णय योग्य होता असे आम्हांला आजही वाटते. पुढील वर्षी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. कागदांवर सही फक्त भांडारबाबूंची होती. चौकशी अधिकाऱ्याने आम्हांला लेखी विचारले की, या खरेदीसाठी आपण लेखी आदेश दिला होता काय? आम्ही उत्तर दिले, ‘अभिलेखात असा कोणताही लेखी आदेश आढळून येत नाही.’

हे उत्तर अक्षरशः खरे होते. तोंडी आदेशाबद्दल कोणी विचारले नव्हते आणि आम्ही सांगितले नाही. त्या सुमारास आमच्या पदोन्नतीचे प्रकरण समितीपुढे होते. आपल्याकडे अशा उत्तराला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. धर्मराजाचा रथ त्या वेळी जमिनीला टेकला अशी कथा आहे. आमचे तसे काही झाले नाही, आम्हांला बढती मिळाली. भांडारबाबूंच्या दोन वेतनवाढी कायमच्या रोखल्या गेल्या, जादा ठरलेली रक्कम हप्त्यांनी त्यांच्या पगारातून कापली गेली, आणि त्यांची बदली दूरच्या तहसिलीत झाली. त्यांची मुलगी तेव्हा दहावीत होती, त्यामुळे कुटुंब इंदुरातच ठेवून ते एकटे गेले. जाताना निरोप घ्यायला आले होते. एवढेच म्हणाले, “साहब, आपने कहा था, इसलिए किया था।” त्या आवाजात तक्रार नव्हती. आम्ही चहा मागविला आणि नव्या ठिकाणच्या हवापाण्याविषयी बोललो. नंतर त्यांची आठवण क्वचितच झाली. ते नजरेआड होते.

वर सांगितलेली चारही लक्षणे आमच्या प्रकरणात जशीच्या तशी होती. आश्रय होता, आमचा लाभ होता, नियम होता, अंतर होते. या नियतकालिकाच्या शिरस्त्याप्रमाणे आम्ही स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा करीत आलो आहोत. पण ‘आम्ही त्यांना विकले’ या एका वाक्यातील ‘आम्ही’ला कोणी वाटेकरी नाही, हे वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

मागाहून काय करता येते? गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेत मुक्त झालेली माणसे आपल्या हरवलेल्या आप्तांच्या शोधासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊ लागली. न्यू ऑर्लिन्सच्या एका धार्मिक साप्ताहिकात अशा पत्रांसाठी ‘हरवलेले सुहृद’ या अर्थाचे स्वतंत्र सदरच होते, आणि ती पत्रे चर्चमधून वाचून दाखविण्याची विनंती धर्मोपदेशकांना केलेली असे. माझी आई अमक्या मालकाकडे होती, मला अमक्या वर्षी अमक्याला विकले, भावंडांची नावे अशी होती. कोणाला ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे. शोधायला निघाले ते विकले गेलेले. जॉर्जटाउनचे विकणारे जागे व्हायला मात्र जवळजवळ १८० वर्षे लागली. १८ एप्रिल २०१७ रोजी विद्यापीठाने व जेझुइट संघाने त्या २७२ जणांच्या वंशजांपुढे जाहीर क्षमा मागितली. मलेडी यांचे नाव असलेल्या इमारतीला त्या यादीतील पहिल्या नावाचे, आयझॅक हॉकिन्स यांचे, नाव देण्यात आले. क्षमा ऐकायला त्या २७२ जणांपैकी कोणी अर्थातच नव्हते.

आमचे भांडारबाबू हयात आहेत, असे चौकशीअंती कळले. आम्ही प्रथम आमच्या जुन्या विभागाला पत्र लिहून तोंडी आदेश आमचाच होता हे कबूल केले, आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचा फेरविचार व्हावा अशी विनंती केली. उत्तर आले की, सदर प्रकरणाची नस्ती जतनाची मुदत संपल्याने नष्ट करण्यात आली असून कार्यवाही शक्य नाही. ते उत्तरही अक्षरशः खरे असावे. ते पत्र घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. वय ऐंशीच्या आसपास, दृष्टी मंद झालेली, पण आवाजावरून त्यांनी ओळखले. आम्ही जे सांगायचे ते सांगितले. मध्ये एकदाही त्यांनी अडविले नाही. मुलगी चहा घेऊन आली, तिच्यासमोर आम्ही पुन्हा एकदा सांगितले, कारण वडिलांनी काही गैर केले नव्हते हे तिला आमच्या तोंडून कळणे आवश्यक होते. ती काही बोलली नाही, कप ठेवून आत गेली. बाबू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वो सब ठीक है साहब। पर रिकॉर्ड में तो वही रहेगा।”

त्यांनी क्षमा केली की नाही हे आम्हांला ठाऊक नाही, आणि तो प्रश्न त्यांना विचारण्याचा आम्हांला अधिकारही नाही. त्यांच्या संमतीने, त्यांचे नाव न घालता, आम्ही हे येथे लिहिले आहे. सरकारी अभिलेखात ते वाक्य नाही आणि आता येणारही नाही, म्हणून ते या पानावर असू द्यावे : ताडपत्र्यांची ती खरेदी आमच्या आदेशाने झाली होती.